सगुणाबाई आणि जीपचा मागचा एक्सल

सगुणाबाई काटेरी तार आणायला गेल्या आणि जीप घेऊन आल्या.

महायुद्ध संपून वर्षभर झालं असेल. पुण्याच्या बाजूला लष्कराच्या उरल्यासुरल्या मालाचा लिलाव होता आणि सगुणाबाईंना गोठ्याभोवती कुंपण घालायचं होतं. म्हणून बैलगाडी घेऊन त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी कामशेतच्या बाजारात एकदम गलका झाला. मी आणि आई ओट्यावर आलो, तर पुढे बैलगाडी, तिच्या मागे दोरखंडाने बांधलेली हिरवी जीप, आणि जीपमध्ये स्टिअरिंग घट्ट धरून बसलेल्या सगुणाबाई. दर दहा पावलांना त्या भोंगा वाजवत होत्या. भोंगा वाजला की बैल बिचकून पळत, आणि बैल पळावेत म्हणूनच त्या तो वाजवत होत्या.

"आणि तार?" आईने विचारलं.

"तार व्हती की. पर तार काय, कुटंबी मिळंल. ही कुटं मिळंल?"

एवढं बोलून त्या हसल्या. सगुणाबाईंचं हसणं आधी खांद्यांत सुरू व्हायचं, मग पोटात उतरायचं आणि शेवटी तोंडातून बाहेर पडायचं. तोवर समोरचा माणूस कारण न कळताच हसायला लागलेला असे.

मी त्या वेळी कामशेतला मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमच्या दोन खोल्यांना भिंतीला भिंत लागून सगुणाबाईंचं दुधाचं ठिकाण होतं. गाव त्यांचं खिंडीपलीकडे, पवनेच्या काठाला. घरच्या म्हशींचं आणि आसपासच्या वाड्यांतल्या बायकांचं दूध गोळा करून त्या कामशेत स्टेशनवर आणत आणि सकाळच्या गाडीने पुण्याला धाडत. नवरा तरुणपणीच गेलेला. दोन दीर होते, पण एकाने पूर्व म्हटलं की दुसऱ्याने पश्चिम म्हणायचं हा त्यांचा शिरस्ता. तेव्हा धंदा सगळा बाईंच्या जिवावर. पावसाळ्याचे चार महिने मात्र त्यांचे हात बांधलेले असत. खिंडीतली लाल माती शेणासारखी मऊ व्हायची, बैलगाडी रुतायची, दूध स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी निघून गेलेली असायची. मग वाड्यावाड्यांतून चुलीवर दूध आटवत बसायचं आणि मिळेल त्या भावाला खवा विकायचा.

"चारी चाकांनी वडती म्हनं," जीपच्या टायरवर थाप मारत त्या म्हणाल्या. "आता बगते खिंडीकडं."

जीपबरोबर त्यांनी लष्करी बूटही उचलले होते. ते त्यांच्या पायाला बरेच मोठे होते. नऊवारीचा काष्टा, पायात ते बूट आणि पावसात डोक्यावर पानांचं इरलं, अशा थाटात त्या पुढची कित्येक वर्षं गाडी हाकत होत्या. 'हाकत' हा शब्द त्यांचाच. कुणी 'चालवता' म्हटलं तर त्या दुरुस्त करत.

गाडी शिकवायला आले लोणावळ्याचे उस्मानभाई. रेल्वेच्या इंजिनांवर आयुष्य काढलेले फिटर. लढाईच्या काळात लष्कराच्या गाड्यांखालीही निजून झालं होतं. आता लोणावळ्याच्या बाजाराच्या टोकाला त्यांचं स्वतःचं वर्कशॉप होतं: एक लेथ, एक गॅसचं वेल्डिंग आणि एक खुर्ची, जिच्यावर कधी कुणाला बसू देत नसत. उंच, वाळके, पांढऱ्या दाढीचे. कुठल्याही कामाला त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं असे, "न्हाई व्हायचं." सगुणाबाईंचं उत्तरही ठरलेलं, "व्हतंय की." या दोन वाक्यांच्या मध्ये त्या जीपची सगळी कथा घडली.

पहिला धडा कापणी झालेल्या भातखाचरात झाला. जीप सुटली ती सरळ बांधाकडे. बाईंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग छातीशी ओढलं आणि ओरडल्या, "हो! होऽ हो!"

"बाई, कासरा न्हाई त्यो! पाय! पाय!" उस्मानभाई शेजारून किंचाळले.

बाईंनी लगेच दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले. बांध आला, जीप उडाली, पलीकडच्या खाचरात उतरली आणि आपसूक बंद पडली. उस्मानभाई टोपी शोधत होते. सगुणाबाईंचे खांदे हलायला लागले होते.

"पुन्यांदा," त्या म्हणाल्या.

उन्हाळाभर छान चाललं. दुधाच्या नावावर रेशनच्या पेट्रोलची कुपनं मिळाली, खिंड कोरडी होती, दूध गाडीच्या आधी स्टेशनवर येऊन बसायचं. मग पाऊस लागला आणि जीप खिंडीतल्या पहिल्याच चढावर रुतली. बाईंनी खाली उतरून पाहिलं. पुढचं एक चाक गरगर फिरत होतं, मागचं एक चाक गरगर फिरत होतं, आणि बाकीची दोन स्वस्थ.

ती तक्रार घेऊन त्या लोणावळ्याला निघाल्या, तेव्हा मलाही सोबत नेलं. सुट्टी होती आणि "शिकलेलं मानूस संगं आसावं," असं त्यांचं म्हणणं. माझा उपयोग शून्य होता. पण तो दिवस मी चुकवला असता तर आयुष्यभर हळहळले असते.

उस्मानभाईंनी जीपची मागची बाजू ठोकळ्यांवर चढवली. दोन मागच्या चाकांना जोडणारा जाड लोखंडी दांडा म्हणजे एक्सल, आणि त्याच्या मधोमध भोपळ्याएवढा गोळा. "ह्यो डिफ्रन्शल," ते म्हणाले. "आता हे चाक फिरवा."

सगुणाबाईंनी डावं चाक पुढे ढकललं. उजवं चाक उलटं, मागे फिरलं. त्यांनी डावं मागे ओढलं, उजवं पुढे आलं.

"अगं बया!" त्या खालीच बसल्या. "एक हिकडं, एक तिकडं! माझे दीर आत घालून ठिवल्यात का काय?"

मग त्या हसत सुटल्या, मी हसत सुटले, आणि बाहेर चिक्कीच्या दुकानाशी उभी असलेली माणसंही आत डोकावून हसायला लागली. उस्मानभाई गंभीरपणे सांगत होते की वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं आणि आतल्याला कमी, म्हणून या गोळ्यातली दातेरी चक्रं दोघांना आपापल्या चालीनं जाऊ देतात. पण चिखलात एक चाक सुटं झालं की जोर सगळा त्याच्याकडेच पळतो.

बाईंचं हसू एकदम थांबलं. "म्हंजी जे नुसतं गरगरतंय, त्यालाच सगळा जोर? आन् जे घट जमिनीवर उभं ऱ्हायलंय, कामाला तयार हाय, त्ये उपाशी? ह्यो कुठला न्याव म्हनायचा?"

"कंपनीनं तसंच क्येलंय."

"मग बांधून टाका दोगान्ला. एक हाललं की दुसऱ्यानं बी हाललं पायजे."

"न्हाई व्हायचं. आतली चक्रं वेल्डिंगनं जोडली, तर गाडी वळायची न्हाई."

"वळायचंय कुनाला? मला फुडं जायाचंय. व्हतंय की. आन् फुडच्या चाकांचं बी तसंच करा."

उस्मानभाईंनी कपाळाला हात लावला. आणि केलं.

त्याचा निकाल चार दिवसांनी, दुधाच्या पहिल्याच खेपेला, आमच्या शाळेत लागला. खिंड जीपने हसत पार केली होती. चारी चाकं एकजुटीने ओढत होती आणि बाई खुशीत भोंगा वाजवत बाजारात शिरल्या. स्टेशनकडे जायला रस्ता शाळेपाशी वळतो. मी तिसरीच्या मुलींना नद्या शिकवत होते. खिडकीतून दिसलं की जीप येतेय, बाई स्टिअरिंग फिरवतायत, आणखी फिरवतायत, त्यावर अंग टाकून फिरवतायत, आणि जीप काही केल्या आपली दिशा सोडत नाहीये. बैलाच्या चालीने ती गटार ओलांडून आली, ओटीच्या ठेंगण्या पायरीवर चढली आणि दारातून बॉनेट आत घालून थांबली.

इरल्याखालून बाईंचा चेहरा डोकावला.

"बाई," त्या म्हणाल्या, "वळंना."

पुढच्या क्षणी तिकडे स्टेशनवर पुण्याच्या गाडीची शिट्टी झाली. बाईंनी शिट्टी संपेपर्यंत ऐकली, मान वळवून दुधाच्या कॅनांकडे पाहिलं, मग मुलींकडे पाहिलं.

"पाट्या खाली ठिवा गं. दूध कोन कोन पितंय?"

त्या दिवशी आमच्या शाळेत नद्या झाल्या नाहीत. कॅनांच्या झाकणांतून, पितळी भांड्यांतून, ओंजळीतून मुली दूध प्यायल्या. सगळ्यांच्या ओठांवर पांढऱ्या मिशा आल्या. मी रागावायचं ठरवलं होतं, पण माझ्याही हातात झाकण होतं. एवढ्यात पुण्याच्या दूधवाल्या व्यापाऱ्याचा माणूस, नारायणराव, छत्री आपटत आला. हा माणूस रोज स्टेशनवर दूध उतरवून घ्यायचा. वाईट नव्हता, पण वरून त्यालाही बोलणी बसत.

"सगुणाबाई, गाडी चुकली. परवाही चुकली होती. शेठ म्हणालेत, आणखी एकदा चुकलं तर पाऊस संपेपर्यंत तुमचं दूध बंद. दुसरीकडून घेणार."

बाईंनी त्याच्याही हातात झाकण दिलं. तो प्यायला. पण तो गेल्यावर त्या मुलींकडून झाकणं गोळा करून एकेक कॅन बंद करत राहिल्या. "वाडीवरल्या बाया माज्या भरवशावर हायेत," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या चाकांचं वेल्डिंग उस्मानभाईंनी काढून नवी चक्रं बसवली. मागचं तसंच ठेवलं. गाडी वळायला लागली; मागची चाकं किरकिरत, खुरडत यायची, पण यायची. मग एका सकाळी खिंडीखाली टण्णकन आवाज झाला आणि गोळ्यापासून चाकापर्यंत जाणारा एक पोलादी दांडा मधोमध तुटला. त्याला ते शाफ्ट म्हणत. नशिबाने दूध पोचवून परतताना झालं.

"सांगितलं व्हतं," उस्मानभाई म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा आनंदही होता. "दोन चाकं बांधली की सगळी पिळवट शाफ्टवर येती. त्यो तेवढ्या बळाचा न्हाई."

"मग बळाचा घाला."

"न्हाई व्हायचं."

लष्कराच्या मोडीत निघालेल्या एका मोठ्या लॉरीचे शाफ्ट उस्मानभाईंनी कुठूनसे मिळवले, ते लेथवर चढवून या जीपच्या मापाला उतरवले, टोकांना दाते कापले. सगुणाबाई त्या न बसू देण्याच्या खुर्चीवर बसून पाहत होत्या आणि उस्मानभाई काही बोलले नाहीत, यावरून काम किती रंगलं होतं ते कळावं.

"आता शाफ्ट तुटायचा न्हाई," शेवटी ते म्हणाले.

"मग काय तुटंल?"

त्यांनी विचार केला. "त्याच्या फुडचं."

आणि तसंच झालं. आठवड्याभरात ज्या नळीत ते शाफ्ट फिरत, ती नळीच खड्ड्यांनी वाकली. मागची चाकं वरून आत आणि खालून बाहेर फाकली. आई म्हणाली, "ही तर पाय फाकून बसलीय हो." सगुणाबाई जीपभोवती टाळ्या वाजवत फिरल्या. दुसरं कुणी असतं तर रडलं असतं. त्यांना मात्र प्रत्येक मोडलेल्या भागाबरोबर आपण शेवटाच्या जवळ पोचतोय असं वाटायचं. "मोडून मोडून किती मोडंल? लोखंड हाय त्ये, सरंल की कवातरी!"

यावेळी 'न्हाई व्हायचं' म्हणताना उस्मानभाईंचे डोळे चमकत होते. स्टेशनच्या यार्डात रेल्वेचा एक जुना डबा उभा होता. त्याच्या पोटाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या सळया होत्या. डबा मध्ये खचू नये म्हणून. उस्मानभाईंनी वाकलेली नळी तापवून सरळ केली आणि तिच्याखाली तशीच जाड सळी बसवली. दोन्ही टोकांना धरलेली, मध्ये गोळ्याखाली ठेपा दिलेला, नट फिरवून ताणलेली. नखाने वाजवली तर तंबोऱ्यासारखी वाजायची.

"कमरपट्टा!" सगुणाबाई ओरडल्या. त्या तशाच नऊवारीनिशी जमिनीवर उताण्या पडल्या, सरपटत जीपखाली गेल्या आणि गोळ्याला हळदकुंकू लावून आल्या. बाहेर आल्या तेव्हा कपाळावर ग्रीसचा टिळा होता.

त्या कमरपट्ट्याची खरी परीक्षा झाली तेव्हा मी जीपमध्ये होते. सुट्टीला त्यांच्या गावी राहायला गेले होते आणि पाऊस असा कोसळला की दोन दिवस ओढ्याने वाट अडवली. नारायणरावांनी सूट दिली होती, पण ओढा उतरला की त्या सकाळी दूध यायलाच हवं, नाहीतर संपलं. उस्मानभाईही येऊन अडकले होते. कमरपट्ट्याची पहिली पावसाळी खेप आपल्यामागे होऊ देणं त्यांना मंजूर नव्हतं.

उजाडताना निघालो. पावसात म्हशी आटल्यासारख्या झाल्या होत्या, त्यामुळे कॅन पुरते भरले नव्हते. खिंडीच्या पायथ्याशी लाल पाण्याचा लोंढा समोरून येत होता. उस्मानभाई उतरून, छत्री धरून, कान एक्सलकडे लावून वाकून चालू लागले. जीप निम्मा चढ चढली आणि मागची दोन्ही चाकं जागीच फिरायला लागली.

"वजन न्हाई मागं," सगुणाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "बाई, तुमी काय खात न्हाई का वो?"

शेजारच्या खाचरात लावणीच्या बायका वाकल्या होत्या. सगुणाबाईंनी भोंगा वाजवला. "या गं! बसाया या!"

दुसऱ्यांदा बोलवावं लागलं नाही. इरली सांभाळत, चिखलाचे पाय घेऊन, सात-आठजणी मागे चढल्या. कॅनांवर, कॅनांमध्ये, एक तर माझ्याच मांडीवर. त्यातली एकही कधी मोटारीत बसलेली नव्हती. जीप दबली, चाकं घट्ट झाली, सगुणाबाई ओरडल्या "चल गं माझ्या लक्षुमी!" आणि आम्ही निघालो. पुढचं एक चाक दगडावरून हवेत गेलं. बायका किंचाळल्या आणि लगेच हसायला लागल्या. मागची दोन्ही चाकं मात्र एकमेकांना न सोडता ओढत राहिली.

खिंडीचा माथा चार हातांवर आला आणि टण्ण!

जीपमधलं हसणं कापल्यासारखं बंद झालं. मागे वळून पाहिलं तर उस्मानभाई रस्त्यात डोळे मिटून उभे. पावसाचा तेवढा आवाज. मग काहीतरी गडगडत उतारावरून खाली गेलं आणि त्यांच्या पायाशी थांबलं. त्यांनी एक डोळा उघडला. कॅनचं झाकण होतं.

"झाकाण हाय!" ते ओरडले. "नुसतं झाकाण! हाका! हाका!"

आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा कोण का हसतंय हे कुणालाच सांगता आलं नसतं. बायका तिथे उतरायला तयार होईनात. सगुणाबाईंनी त्यांना तसंच कामशेतला आणलं.

स्टेशनवर पुण्याची गाडी उभी होती. आम्ही सगळ्याजणींनी मिळून कॅन फलाटावर ओढले. नारायणरावांनी पहिल्या कॅनचं झाकण उचललं आणि त्यांचा चेहरा बदलला. अर्धवट भरलेले कॅन खिंडभर असे घुसळले गेले होते की दुधावर लोण्याचे गोळे तरंगत होते.

"हे काय आणलंत?"

सगुणाबाईंनी आत डोकावून पाहिलं. खांदे हलायला लागले. मग पोट. "आवं, ही गाडी न्हवं, रवी हाय रवी!" असं म्हणत त्या फलाटावरच बसल्या. मग डोळे पुसत उठल्या, कोपरापर्यंत हात धुतला आणि लोण्याचा गोळा काढून पानावर ठेवून नारायणरावांपुढे धरला. "दूध ताजं हाय, वास घ्या. लोनी फुकाट. पर गाडी सुटायच्या आधी आलो का न्हाई, त्ये सांगा."

दुसरा गोळा गार्डला दिला. गार्ड हिरवी झेंडी काखेत मारून तो खात उभा राहिला. एवढ्या वेळात कॅन चढले. नारायणराव बोटं चाटत म्हणाले, "आलात. शेठना सांगतो, पावसाळाभर येईल दूध. पण उद्यापासून कॅन काठोकाठ भरा बाई."

त्या पावसाळ्यात पवनेकाठच्या वाड्यांमध्ये खवा आटवावा लागला नाही. लावणीच्या त्या बायकांनी मात्र पुढे नेमच केला. खिंडीशी भोंगा वाजला की कुणीतरी दोघी-तिघी हातातलं टाकून वजन व्हायला हजर.

पुढे माझी तळेगावला बदली झाली आणि भेटी कमी झाल्या. एकदा असंच भर पावसाळ्यात काही कामासाठी मी गाडीने लोणावळ्याला चालले होते. कामशेत सोडलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं, तर रुळालगतच्या कुणाच्या तरी पाण्याने भरलेल्या खाचरात जीप. मागे साखळीने फळी बांधलेली, आणि सगुणाबाई बैलांऐवजी जीपने चिखलणी करत होत्या. चाकांमागून चिखलाचे पंखे उडत होते. बांधावर रोपांच्या जुड्या घेतलेल्या बायका रांगेने उभ्या राहून पोट धरून हसत होत्या. डब्यातली माणसं एका बाजूला लोटली. मी जोरजोराने हात हलवला, पण त्यांनी मला पाहिलं नाही. त्यांचं लक्ष बांधाच्या टोकाकडे होतं. तिथे उस्मानभाई छत्री धरून दोन्ही हातांनी 'नको, नको' अशा खुणा करत होते. जीप त्यांच्यासमोरून गेली आणि चिखलाचा एक अख्खा पंखा छत्रीसकट त्यांच्यावर कोसळला.

आमची गाडी वळणावर आली. दिसेनासं व्हायच्या आत मी पाहिलं की उस्मानभाईंनी शांतपणे छत्री मिटली, दाढीवरचा चिखल निपटला, चपला काढून बांधावर ठेवल्या आणि लुंगी वर खोचून ते जीपमध्ये चढायला खाचरात उतरले.